परवान्याबाहेरचा माणूस

वैशाख सरत आला आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला पावसाची ओल लागली, की ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या परसांत आणि डोंबिवलीच्या बैठ्या बंगल्यांच्या आवारांत गृहस्थांची नजर एकाएकी वर जाऊ लागते. वर्षभर ज्या आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचले, त्याचीच कौलांवर ओणवलेली फांदी आता छातीत धडकी भरवते. शेजाऱ्याच्या गच्चीवर झुकलेला माड आता वैराचे निमित्त होऊ पाहतो. अशा वेळी दोन मार्ग मोकळे असतात. महापालिकेच्या वृक्ष विभागाकडे अर्ज करून पाहणी, शुल्क आणि मंजुरी यांची प्रतीक्षा करावी, हा एक. आणि रविवारी सकाळी शिडी लावून, कोयता किंवा नव्याने विकत आणलेली यांत्रिक करवत हाती घेऊन, घरच्यांनी खालून धरलेल्या दोराच्या भरवशावर स्वतःच वर चढावे, हा दुसरा. दुसरा मार्ग सुशिक्षित, विचारी, एरवी विजेचा दिवा बदलण्यासाठीसुद्धा माणूस बोलावणाऱ्या गृहस्थाला इतका सुलभ का वाटतो, याचे उत्तर केवळ त्याच्या साहसी वृत्तीत किंवा काटकसरीत सापडणारे नाही. ते या प्रदेशाने झाडाविषयी आजवर जे कागद लिहिले, त्यांच्या घडणीत दडलेले आहे.

हे कागद विपुल आहेत. सनदा आहेत, आज्ञापत्रे आहेत, जंगलखात्याचे जाहीरनामे आहेत, चौकशी समित्यांचे अहवाल आहेत आणि अलीकडचे अधिनियम आहेत. त्या सर्वांतून दोन प्रश्न अखंडपणे विचारले गेले: झाड कोणाचे, आणि ते तोडण्याची परवानगी कोणाची? झाडावर चढणार कोण, त्याला ते काम येते काय, आणि तो पडला तर त्याच्या मागे कोण, हा तिसरा प्रश्न मात्र अंमल बदलले, भाषा बदलल्या, दप्तरांचे कागद बदलले, तरी परवान्याबाहेरच राहिला. ज्या कामाला करणाराच नाही असे लिहिले जाते, ते काम कोणीही करावे असे पुढे वाटू लागले, तर त्यात नवल ते काय?

कल्याणाचा आणि लाकडाचा संबंध फार पुरातन आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ज्या ‘कल्लियाना’ बंदराचा उल्लेख केला आहे, ते आपले कल्याणच असे सामान्यतः मानले जाते. आणि तेथून परदेशी जाणाऱ्या मालात त्याने पितळ व कापड यांच्या जोडीने जे ओंडके सांगितले आहेत, ते शिसवीचे असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. उल्हास नदीच्या खाडीपर्यंत हे ओंडके कोणी आणले, ते उभे वृक्ष कोणी पाडले, याविषयी त्या वृत्तांतात अर्थातच अक्षर नाही. त्याच शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मात्र मूर्तीसाठी वृक्ष तोडण्याचा विधी सविस्तर दिला आहे. वृक्षाची आदल्या रात्री पूजा करावी, त्यावर वास करणाऱ्या भूतांना अन्यत्र जाण्याची विनंती करावी, प्रातःकाळी मध व तूप लावलेल्या कुऱ्हाडीने ईशान्य दिशेकडून घाव घालण्यास आरंभ करावा, आणि वृक्ष कोणत्या दिशेस पडतो ते पाहून शुभाशुभ ओळखावे, असा त्याचा क्रम आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी या विधीतून एक व्यवहारज्ञान निसटत नाही: वृक्ष पाडण्यापूर्वी एक रात्र थांबावे, त्याच्याभोवती फिरून त्याला नीट पाहावे, त्याच्या ढोलींत काय राहते ते जाणून घ्यावे, पहिला घाव कोठे घालायचा ते आधी ठरवावे, आणि पडण्याची दिशा ही या कर्मातील सर्वांत गंभीर बाब मानावी. आजचा वृक्षतज्ज्ञ झाडाला हात लावण्यापूर्वी जी पाहणी करतो, तिची कलमे यांहून फार निराळी नाहीत.

मराठी अंमलात लाकडाचे महत्त्व आरमारामुळे वाढले. 1657 साली कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि कल्याणच्या खाडीत लढाऊ नौका बांधण्यास प्रारंभ झाला. त्या कामावर आरंभी पोर्तुगीज कारागीर होते, हे पोर्तुगीजांच्याच पत्रव्यवहारावरून दिसते. नौकेला सागवान हवा, डोलकाठीला सरळ सोट हवा, आणि तो हवा म्हणून रयतेच्या परसात कुऱ्हाड शिरू नये, याची चिंता रामचंद्रपंत अमात्यांनी 1716 च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात ज्या आस्थेने केली आहे, तिला आपल्या राजनीतीच्या वाङ्मयात तोड नाही. राज्यातील अरण्यांतून लागेल तेवढेच, तेही हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकराप्रमाणे बहुत काळ जतन करून वाढवलेली असतात, त्यांस हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन तोडावे, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. धन्याच्या हृदयाची एवढी कदर करणारा हा कागदही कुऱ्हाड चालवणाऱ्याविषयी मुका आहे. इनामाच्या सनदांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ अशी जी ठरीव शब्दावली येते, तिच्यात तरु आणि काष्ठ यांना स्वतंत्र स्थान आहे. तरूचे काष्ठ ज्याच्या हातून होते, तो वेठबिगारीच्या सदरात गृहीत धरलेला असे.

आणि तरीही हे काम जाणणारी माणसे या जिल्ह्यात घरोघर होती. ठाणे जिल्ह्याची भातशेती राबावर उभी होती. हिवाळ्यात ऐनाचे आणि इतर वृक्षांचे टहाळे तोडून आणायचे, रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळे, पालापाचोळा व वर मातीचा पातळ थर असे रचून पावसापूर्वी पेटवायचे, आणि त्या राखेत भात पेरायचे, ही पद्धती 1882 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्यावरील तेराव्या खंडात तपशिलाने नोंदलेली आहे. याचा अर्थ असा, की झाडावर चढून, झाड न मारता, त्याच्या फांद्या वर्षानुवर्षे उतरवत राहण्याची विद्या येथील कुणबी, ठाकूर आणि वारली यांना शेतीच्या पहिल्या पाठाबरोबरच मिळत असे. कोणती फांदी राखायची, बुंध्यापासून किती अंतर सोडायचे, कोणते लाकूड चिवट आणि कोणते दगाबाज, हे त्यांना कोणी पाटीवर शिकवले नव्हते. कंबरेच्या दोरीला लाकडी आकडी, आकडीत कोयता, आणि दोन्ही हात चढण्यासाठी मोकळे, ही या लोकांची ठेवण पाहिली म्हणजे हत्यार कोठे असावे याचा विचार किती पिढ्यांनी केला असेल, हे ध्यानी येते.

किनाऱ्याकडे भंडारी होते. माडाच्या व ताडाच्या खोडात पायांपुरत्या खाचा घेत, दोराच्या आधाराने दिवसातून दोनदा शेंड्यापर्यंत जायचे, पोयीला पाते लावायचे आणि भरलेले भांडे घेऊन उतरायचे, हा त्यांचा पिढीजात उद्योग. 1878 च्या अबकारी कायद्याने या उद्योगाला परवाना व कर यांच्या जाळ्यात घेतले. झाडावर चढणाऱ्याची सरकारदरबारी नोंद घेण्याचा असा प्रसंग विरळाच. पण ती नोंदही त्याच्या प्राणाच्या काळजीने झालेली नसून खाली उतरणाऱ्या रसाच्या महसुलासाठी झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

इंग्रजी अंमलात जंगलाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. 1847 साली अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढल्याच वर्षी ती कल्याणला गेली, आणि रुळांखालच्या लाकडापासून मुंबईकरांच्या चुलीतल्या सरपणापर्यंत सर्व गरजांचा भार ठाण्याच्या डोंगरांवर पडू लागला. 1878 च्या वनकायद्याने राखीव आणि संरक्षित अशी जंगलाची वाटणी केली, आणि राबासाठी टहाळे तोडणारा शेतकरी एका रात्रीत गुन्हेगार ठरू लागला. महात्मा फुल्यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर जो प्रहार केला आहे, तो याच काळातला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींचा ओघ इतका वाढला, की सरकारला 1885 मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले, आणि 1887 साली त्याचा भलामोठा अहवाल बाहेर आला. त्या वादाचा गाभा हक्काचा होता: टहाळे कोणाचे, रयतेचे की सरकारचे? रयतेची विद्या हा त्या वादाचा विषय कधीच नव्हता.

पुढे जंगलाचे ‘कूप’, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, पाडून त्यांचा लिलाव होऊ लागला, आणि मक्तेदार आला. तोडायच्या झाडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा उमटे, त्याला क्रमांक मिळे, त्याचा घेर वहीत चढे. ते पाडणाऱ्या वारल्याला वा कातकऱ्याला क्रमांकही नसे. कात काढण्याचा मूळ धंदा जंगलबंदीने बुडालेला कातकरी कोळशाच्या भट्टीवर बांधला गेला, आणि झाडाची सर्वांत सूक्ष्म जाण असलेली ही माणसे समाजाच्या हिशेबात सर्वांत स्वस्त मजूर ठरली. जानेवारी 1945 मध्ये महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन कल्याणजवळच्या टिटवाळ्यास भरले, तेथे आलेल्या वारल्यांनी आपली वेठ प्रथमच उघड्यावर मांडली; तेथून उभ्या राहिलेल्या आणि गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वर्णन केलेल्या लढ्यात गवत कापण्याच्या दराबरोबर जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न पुढे आला. 1947 पासून, बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, मक्तेदाराला वगळून आदिवासींच्याच जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप देण्यास सुरुवात झाली. लाकूड तोडणारा हा संस्थेचा सभासद, म्हणजे कागदावर नाव असलेला माणूस, झाला तो येथे. खेद इतकाच, की ही मान्यता जंगलाच्या हद्दीत संपली. टिटवाळ्याची हद्द पुढे महानगरपालिकेत आली, पण ती मान्यता शहरापर्यंत आली नाही.

शहर मात्र झाडापर्यंत आले. फाळणीनंतर वाढलेली वस्ती, 1960 नंतरच्या सहकारी गृहनिर्माण संस्था, 1962 साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती, यांनी ठाणे-डोंबिवलीच्या वाड्या आणि भातखाचरे व्यापली. काही जुने आंबे, फणस, जांभळी कुंपणांच्या आत सापडल्या. रस्त्यांच्या कडेला मादागास्करचा गुलमोहर आणि उष्णकटिबंधीय अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष लागले, जे लवकर वाढतात, विस्तीर्ण पसरतात आणि ज्यांच्या स्वभावाविषयी आपल्या आज्यांनी काहीही सांगून ठेवलेले नाही. बुंध्यापर्यंत सिमेंट आणि फरशी आली, गटारासाठी आणि केबलसाठी खणताना एका बाजूची मुळे तुटली, आणि वर डौलदार दिसणारे झाड खाली लंगडे झाले. 2020 च्या जूनमधील ‘निसर्ग’ आणि 2021 च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’ या वादळांनी कोकण किनाऱ्याला याचा प्रत्यय आणून दिला.

या नव्या नगरांसाठी 1975 साली महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आला. ठाणे महानगरपालिका 1982 च्या आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका 1983 च्या ऑक्टोबरात स्थापन झाल्या, तेव्हा वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी ही यंत्रणा त्यांना तयार कायद्यातून मिळाली. स्वतःच्या आवारातील, स्वतःच्या हातांनी लावलेले झाडही परवानगीशिवाय तोडता येणार नाही. मेलेले, रोगट, वठलेले किंवा जीवित-वित्तास धोकादायक झालेले झाड असेल तर परवानगी नाकारली जाणार नाही. तोडलेल्याच्या बदल्यात लावावे. ठरावीक काळाने वृक्षगणना व्हावी. अशी त्याची मुख्य सूत्रे आहेत. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षण दिले. अधिनियम आवश्यक आहे, आणि तो नसता तर या शहरांत सावली उरली नसती, याविषयी दुमत नाही. परंतु आज्ञापत्राची परंपरा त्याने गुणांप्रमाणे उणिवेतही पाळली. परवानगी हाती आली, की त्या कागदाच्या बळावर फांदी कोण उतरवणार, हे ठरवणे गृहस्थावर सोपवलेले आहे. आणि गृहस्थाने पाहिलेले आहे एवढेच, की कोणीतरी अनवाणी मुलगा येतो, तासाभरात काम करतो, आणि थोडे पैसे घेऊन जातो. या दृश्यातून त्याने निष्कर्ष काढला, की या कामात अक्कल लागत नाही, केवळ धाडस लागते. आणि धाडस आपल्यापाशीही आहेच. हरभऱ्याच्या झाडावर चढलेला माणूस असा खऱ्या आंब्यावर जातो.

वस्तुस्थिती काय आहे ती पाहू. एक वीतभर जाडीची, 5 मीटर लांबीची ओली फांदी, पाने सोडून, सुमारे 150 किलो भरते. आणि हे वजन मोकळे नसून आत ताणलेले असते. फांदीच्या वरच्या अंगावर ओढ असते आणि खालच्या अंगावर दाब. वरून सरळ कापत गेले, तर अर्ध्यावर ती स्वतःच्या भाराने मोडते, सालीची लांब पट्टी बुंध्यापर्यंत सोलत नेते आणि झोका घेऊन नेमकी शिडीवर येते. शिडी त्याच फांदीला टेकवलेली असेल, तर भार गेलेला तिचा उरलेला भाग वर उसळतो आणि शिडीचा आधार नाहीसा होतो. म्हणून जाणता माणूस आधी खालून थोडी खाच घेतो, मग तिच्या किंचित पुढे वरून कापून भार उतरवतो, आणि शेवटी राहिलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता साफ करतो, कारण जखम भरून काढणारी ताकद त्या कड्यात असते. अख्खे झाड पाडताना पडण्याच्या बाजूला खाच, मागच्या बाजूने काप, आणि मध्ये न कापलेली लाकडाची पट्टी राखणे, हा नियम. ती पट्टी बिजागरीप्रमाणे झाडाला दिशा देते, आणि उत्साहाच्या भरात ती कापून टाकली, की झाड कोणाचेच ऐकत नाही. झुकलेला बुंधा मागून कापला तर उभा चिरून मागे फेकला जाऊ शकतो. यांत्रिक करवतीच्या पात्याचे वरचे टोक दुसऱ्या फांदीला लागले, तर ती क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उलटते. शेवगा, जांभूळ, गुलमोहर यांच्या फांद्या पूर्वसूचना न देता मोडतात. पहिल्या सरीनंतर साल निसरडी होते, आणि ओली फांदी विजेच्या तारेला टेकली, तर वर असलेल्याला आणि खाली दोर धरलेल्याला पुढची संधी मिळत नाही.

एवढे सांगून ‘म्हणून माणूस बोलवा’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण तो अर्धवट ठरेल. सकाळी मजूर नाक्यावर उभ्या असलेल्या, चार पैशांसाठी कोणतेही काम अंगावर घेणाऱ्या तरुणाला दोर, शिरस्त्राण आणि विमा यांवाचून त्याच फांदीवर चढवले, तर धोका टळला असे होत नाही. तो एका अंगावरून दुसऱ्या, अधिक दुबळ्या अंगावर गेला, इतकेच. शिवाय त्या तरुणाच्या आजोबाला राबाचे टहाळे उतरवता येत असले, तरी नातवाला ती विद्या मिळालेली असेलच असे नाही. मक्तेदाराने ‘वरून सगळे उडव’ म्हटले, की तो झाडाचा शेंडाच छाटतो, त्या जखमांत कुज शिरते, कडेने फुटलेल्या कोवळ्या फांद्या वरवर चिकटलेल्या राहतात, आणि काही वर्षांनी त्याच घरावर आधीपेक्षा मोठा धोका लोंबू लागतो. गृहस्थाने स्वतः चढणे आणि अडाण्याला चढवणे, या दोहोंचे मूळ एकच आहे: या कामाला आपण विद्या मानलेले नाही.

जेथे मानले गेले, तेथे चित्र बदलले आहे. इंग्लंडातून अमेरिकेस गेलेल्या जॉन डेव्ही या माळ्याने 1901 साली ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक लिहिले, आणि झाडाची शुश्रूषा हा शिकण्याचा व शिकवण्याचा विषय आहे, हे तेथील समाजाच्या गळी उतरवले; पुढे त्यातून प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञांचा व्यवसाय आणि त्याचे सुरक्षिततेचे नियम उभे राहिले. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. केरळात माडावर चढणारे मिळेनासे झाले, तेव्हा नारळ विकास मंडळाने 2011 साली तरुणांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण देणारी योजना सुरू केली आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विम्याचीही सोय केली. टंचाई निर्माण झाल्यावर का होईना, पण तेथे चढणाऱ्याचे नाव कागदावर आले.

ठाणे जिल्ह्याला हे अधिक सुकर व्हावे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कोयता-आकडीची परंपरा पुरती संपलेली नाही. 1947 च्या सहकारी संस्थांचा पूर्वदाखला दप्तरात आहे. दोन्ही महापालिकांकडे वृक्ष अधिकारी आहेत. या तिन्हींची सांगड घालून दोराचे, गाठींचे आणि करवतीचे रीतसर शिक्षण, त्याचा दाखला, ठरलेला दर आणि विमा असलेली नामावली तयार झाली, तर गृहस्थाला कोणास बोलवावे हे कळेल आणि बोलावलेल्याला आपल्या विद्येचे मोल मागता येईल. परवानगीच्या अर्जात झाडाची जात, घेर आणि तोडण्याचे कारण यांना रकाने असतात. त्यांच्याखाली आणखी एक रकाना हवा: चढणाऱ्याचे नाव, त्याचा दाखला आणि त्याच्या विम्याचा क्रमांक. तो रकाना ज्याला भरता येणार नाही, मग तो अर्जदार स्वतः असो की त्याने ठरवलेला मक्तेदार, त्याने त्या दिवशी झाडाला हात लावू नये, एवढा शिरस्ता पडला तरी पुरे आहे.